सात दिवसांची सुट्टी आणि एक रविवार

मुलांच्या परीक्षा संपत आल्या की शिवाजी पार्कच्या परिसरातील घरोघरी एक यादी तयार होऊ लागते. गाडीचे आरक्षण, हॉटेलचे भाडे, कोणत्या दिवशी कोणता समुद्रकिनारा, अशा नोंदी तीत असतात. पूर्वी ती वहीच्या पानावर लिहिली जाई, आता मोबाईलवर लिहिली जाते, एवढाच फरक. अशीच एक यादी एका कुटुंबाने आम्हांला मोठ्या हौसेने दाखविली. रविवारी गोव्यात आगमन, सोमवारी कळंगुट व बागा, मंगळवारी हणजूण, बुधवारी जुन्या गोव्यास धावती भेट, गुरुवारी कोलवे, शुक्रवारी खरेदी आणि शनिवारी परतीचा प्रवास. रविवारपुढे 'आगमन व विश्रांती' एवढेच लिहिलेले होते.

कष्ट करणाऱ्या कुटुंबाने वर्षातून एकदा समुद्राकाठी आठवडाभर एकत्र राहावे, यात आक्षेप घेण्यासारखे काय आहे? आम्ही ती यादी कौतुक करून परत केली. परंतु दोन प्रश्न आमच्या मनात घर करून राहिले. ही सुट्टी आपल्याला दिली कोणी? आणि ज्या किनाऱ्यावर आपण ती घालविणार आहोत, तो किनारा कोणाचा?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. शिवाजी पार्कपासून परळ-लालबाग हाकेच्या अंतरावर आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील कापडगिरण्यांतील कामगार सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत असे आणि आठवड्याची हक्काची सुट्टी त्याला ठाऊक नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ही मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. रविवार हा बहुजनांच्या खंडोबाचाही वार, हे लोखंडे यांनी ओळखले होते. म्हणजे जो वार आपण प्रभूचा दिवस म्हणून पाळतो, तो गिरणगावात विश्रांतीचा दिवस झाला तो हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती अशा सर्वच श्रमिकांच्या एकजुटीने.

योगायोग असा की पुढच्याच वर्षी, १५ मे १८९१ रोजी, पोप तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक प्रसिद्ध केले. कामगाराला रास्त वेतन आणि रविवारची विश्रांती मिळालीच पाहिजे, ती मालकाची मेहेरबानी नव्हे, असे त्यात ठामपणे सांगितले आहे. त्यानंतरही भरपगारी रजेसाठी जगाला बरीच वर्षे थांबावे लागले. फ्रान्समध्ये १९३६ साली कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली आणि गिरण्या-कारखान्यांतील माणसे प्रथमच बायकामुलांसह समुद्राकडे निघाली. भारतात १९४८च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजेची तरतूद केली. आज आपण ज्या सहजतेने सात दिवसांची रजा टाकतो, तिच्या पायाशी हा सारा लढा आहे.

आता समुद्राविषयी. शिवाजी पार्कचे मैदान १९२५ मध्ये 'माहीम पार्क' म्हणून खुले झाले आणि १९२७ मध्ये, शिवछत्रपतींच्या जन्माच्या त्रिशताब्दीनिमित्त, त्याला आजचे नाव मिळाले. मैदानाच्या पश्चिमेस दोन मिनिटांवर चौपाटी आहे. सायंकाळी फिरावयास जाणाऱ्यांना ती वाऱ्याची जागा वाटते. तिच्या एका अंगाला माहीमचा कोळीवाडा आणि दुसऱ्या अंगाला वरळीचा. त्या वस्त्यांना मात्र समुद्र म्हणजे शेत, आणि शेतावर कोणी सुट्टी घालवावयास जात नाही. आपल्या किनारपट्टीवर शतकानुशतके हीच दृष्टी होती. समुद्रस्नान आरोग्याला हितकारक आहे, असे युरोपातही अठराव्या शतकात डॉक्टर सांगू लागले. रिचर्ड रसेल या इंग्रज वैद्याचा खाऱ्या पाण्याच्या उपचारांवरील ग्रंथ १७५०च्या सुमारास आला आणि ब्रायटन हे मासेमारांचे गाव श्रीमंतांनी गजबजून गेले. उपचाराची पुढे हौस झाली आणि हौसेचा धंदा.

गोव्यात या रिवाजाने आपले स्वतःचे रूप घेतले होते. तेथील ख्रिस्ती कुटुंबे मे महिन्यात काही आठवडे कळंगुट किंवा कोलव्यासारख्या गावी किनाऱ्यालगत बिऱ्हाड करीत. त्याला 'मुदांस' म्हणत. पोर्तुगीज भाषेतील मूळ शब्दाचा अर्थ बदल, म्हणजे आपल्याकडची हवापालटच. बैलगाडीत भांडीकुंडी, गाद्या, तांदूळ लादून आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत सारे निघत. सांधेदुखीवर उतारा म्हणून वडीलधारी मंडळी खाऱ्या पाण्यात बसत. सायंकाळी जपमाळेची प्रार्थना होई. परतताना पावसाळ्याच्या बेगमीची सुकी मासळी गाडीत चढे. पाहुणा आणि यजमान एकाच मातीतले, बहुधा एकाच भाषेतले असत. जाणाऱ्याला कोळ्याचे नाव ठाऊक असे आणि कोळ्याला त्याचे घराणे.

मुंबईहून गोव्यास जाणाऱ्यांची वाट मात्र निराळी होती. ते सुट्टीला जात नसत, ते घरी जात. धोबीतलाव, गिरगाव, माझगाव या भागांत गोव्याच्या गावागावांची 'कूड' असे. कूड म्हणजे खोली, पण ती खोली म्हणजे परमुलखातील आपले गावच. बोटीवरचा खलाशी, हॉटेलातील आचारी, बँडमधील वादक तेथे अल्प भाड्यात उतरत. पेट्या भिंतीशी रचलेल्या, वेदीवर गावच्या संताची तसबीर, आणि सायंकाळच्या रोझरीस हजर राहण्याचा दंडक. गावचे फेस्त जवळ आले की या माणसांचे पाय गोव्याकडे वळत. १८८८ पासून मुरगावपर्यंत रेल्वे होती. पुण्यास गाडी बदलून, मिरज व लोंढ्यावरून, कुळे येथील जकातनाका ओलांडून जावे लागे. दुसरा मार्ग भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या आगबोटीचा. रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत बोट सुमारे चोवीस तासांनी पणजीस लागे. डेकवर वळकटी पसरून बसलेल्या त्या प्रवाशांत मालवणचा गिरणीकामगार आणि बार्देशचा आचारी शेजारी असत.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर सीमा बंद झाली, रेल्वे थांबली आणि कित्येक घरे दुभंगली. आईच्या अंत्यविधीस जाण्यासाठीही परवाना मागावा लागे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि वाट पुन्हा खुली झाली. १९६४-६५ मध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन भाविकांना घडले, ते मुक्तीनंतरचे पहिले. त्यानंतर दर दहा वर्षांनी हा सोहळा होत आला. सर्वांत अलीकडचा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाला.

याच सुमारास किनाऱ्याचे रूप पालटू लागले. १९६०च्या दशकाच्या अखेरीस हिप्पी आले आणि कळंगुट-हणजूणची नावे जगभर गेली. १९७४ मध्ये आग्वाद किल्ल्यापाशी ताज समूहाचे मोठे हॉटेल उभे राहिले. १९८३च्या नोव्हेंबरात राष्ट्रकुलातील देशांचे प्रमुख तेथे विश्रांतीस आले. १९८५-८६ पासून परदेशी चार्टर विमाने दाबोळीस उतरू लागली. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली आणि दादरला रात्री गाडीत बसलेले कुटुंब दुसऱ्या दिवशी सकाळी मडगावी पोहोचू लागले. २०२३च्या जानेवारीपासून मोपा येथे दुसरा विमानतळही सुरू झाला.

या भरभराटीची दुसरी बाजू किनाऱ्यावरच्या माणसांनी सोसली. किनाऱ्यावरून सर्वांनी मिळून ओढावयाच्या मोठ्या जाळ्याला रापण म्हणतात. त्या रापणकारांची मासळी यांत्रिक ट्रॉलरनी हिरावून घेतली, तेव्हा मातान्ही साल्दान्हा यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी मोठे आंदोलन केले. १९८० साली सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला, त्यामागे हा रेटा होता. मग जाळी वाळविण्याच्या आणि होड्या ओढण्याच्या जागांवर हॉटेले आली. गावच्या विहिरींचे पाणी, समुद्राकडे जाणारी वडिलोपार्जित पायवाट, यांसाठी 'जागृत गोंयकारांची फौज' या संघटनेने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आवाज उठविला. त्या चळवळीत ख्रिस्ती श्रमिक व धर्मगुरूही होते. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी केंद्र सरकारने भरतीच्या रेषेपासून पाचशे मीटरपर्यंतच्या पट्ट्यातील बांधकामांवर निर्बंध घातले. ते कितपत पाळले गेले, हे किनाऱ्यावर उभे राहिले की डोळ्यांना दिसते.

मग आपण गोव्यास जाऊच नये काय? आमचे म्हणणे तसे मुळीच नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 'गौदियुम एत स्पेस' या १९६५च्या दस्तऐवजात प्रवासाने माणसाचे मन संस्कारित होते व माणसे एकमेकांना ओळखू लागतात, असा आशय आहे. प्रश्न जाण्याचा नाही, कसे जावे याचा आहे.

दादरच्या पोर्तुगीज चर्चचेच पाहा. आवर लेडी ऑफ साल्वेशन हे त्याचे नाव. त्याची स्थापना १५९६ सालची, फ्रान्सिस्कन धर्मगुरूंच्या हातची. आजची वास्तू १९७४ ते १९७७ या काळात उभी राहिली, ती मूळच्या गोवेकर घराण्यातील चार्ल्स कोरिया यांनी रचलेली. दोनापावला येथील 'सिदाद द गोवा' हे समुद्रकाठचे हॉटेलही त्यांच्याच हातचे. दादर आणि गोवा यांच्यात असे किती धागे आहेत, हे आपल्या मुलांना कोणी सांगावे?

कोलव्याच्या किनाऱ्यावरून मडगाव ओलांडले की काही मैलांवर राशोल, म्हणजेच रायतूर लागते. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले आणि साष्टीच्या लोकांत आयुष्यभर राहिले. त्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'च्या सुमारे अकरा हजार मराठी ओव्या १६१६ मध्ये तेथे छापल्या गेल्या. मराठीत प्रार्थना करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचे ते तीर्थक्षेत्र होय. त्याच साष्टीत असोळणे आहे. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीयांची हत्या झाली. त्यानंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्यास बोलावून ठार मारले. तेही मुलांना दाखवावे. आपल्या श्रद्धेचा इतिहास हुतात्म्यांचा आहे, तसाच तो तिच्या नावाने झालेल्या अन्यायाचाही आहे. खऱ्या भक्ताला दोन्हींपुढे मान लववता आली पाहिजे. ईस्टरनंतर सुमारे पंधरवड्याने म्हापशास मिलाग्रीस सायबिणीचे फेस्त भरते. हिंदू भाविकही तेल घेऊन तेथे येतात, कारण ती त्यांच्या लईराई देवीची बहीण मानली जाते. हे फेस्त बहुधा आपल्या सुट्टीच्या आगेमागेच येते.

म्हणून यादी करताना आणखी दोन ओळी घालाव्यात, असे आम्ही सुचवू. पहिली, रविवार. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ३१ मे १९९८ रोजीच्या 'दिएस दोमिनी' या पत्रात बजावले आहे की प्रभूचा दिवस म्हणजे केवळ आठवड्याअखेरची मौज नव्हे. आपण ज्या गावी उतरलो, तेथील चर्चमध्ये पवित्र मिस्सेला जावे. भाषा कोकणी असेल, पण परमप्रसाद तोच आहे. मिस्सेनंतर अंगणात दोन शब्द बोलावेत. ज्यांना आपण कालपर्यंत वेटर, टॅक्सीवाला, मासेवाली म्हणत होतो, ती माणसे तेथे आपल्या शेजारी गुडघे टेकून असतील. दुसरी ओळ त्यांच्याचसाठी. आपल्या विश्रांतीसाठी ज्यांचा रविवार खर्ची पडतो, त्यांच्याशी दाम ठरविताना आणि बोलताना लोखंडे यांच्या गिरणीकामगारांची आठवण ठेवावी.

संत मार्क यांच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात एका सुट्टीची हकीकत आहे. शिष्य थकले होते, त्यांना जेवावयासही फुरसत नव्हती. प्रभूने त्यांना होडीतून एकांत स्थळी विश्रांतीस नेले. होडी काठाला लागली तेव्हा तेथे लोक आधीच येऊन उभे होते. प्रभूला त्यांचा कळवळा आला. विश्रांतीची गरज प्रभूने नाकारली नाही, आणि काठावरच्या माणसांकडे पाठही फिरविली नाही.

आपली होडीही अशाच एका काठाला लागणार आहे. तेथे माणसे आधीपासून उभी आहेत.