पासिंग : एक शब्द आणि एक छोटी मोटार

पुण्याच्या व्यवहारभाषेत ‘पासिंग’ हा शब्द तीन अर्थांनी चालतो. ‘गाडी एम. एच. बारा पासिंगची आहे’ असे म्हणताना वाहनाची नोंदणी कोणत्या कार्यालयात झाली हे सांगावयाचे असते. ‘टेंपोचे पासिंग दोन टनांचे आहे’ या वाक्यात वाहून नेण्यास मुभा असलेले वजन अभिप्रेत असते. आणि ‘टॅक्सी पासिंगला गेली आहे’ असे म्हटले म्हणजे ती निरीक्षकापुढे तपासणीसाठी उभी आहे असे समजावयाचे. तिसरा अर्थ मूळ इंग्रजी क्रियापदास सर्वांत जवळचा. परंतु खासगी मोटारीच्या बाबतीत नेमका तोच लोप पावला आहे. पांढऱ्या पाटीच्या मोटारीचा मालक ‘पासिंग’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात केवळ क्रमांक असतो. एकाच शब्दाची ही फाटाफूट कशी झाली, याचे उत्तर कोशांपेक्षा कायद्यांत अधिक सापडते.

भाड्याचे वाहन ही लोकांची चिंता आणि घरचे वाहन ही धन्याची, हा भेद मोटारीहून जुना आहे. मुंबई सरकारच्या १८६३ च्या सहाव्या कायद्याने सार्वजनिक वाहनांचे नियमन केले, तेव्हा रस्त्यावर घोडागाड्याच होत्या. पुढे १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने ३८ व्या कलमात हाच भेद यंत्रास लागू केला. परिवहन वाहनाजवळ योग्यता प्रमाणपत्र नसेल, तर त्याची नोंदणी वैध मानली जाणार नाही, असे ते कलम सांगते. १९८८ च्या कायद्यातील ५६ वे कलम त्याचीच पुनरुक्ती होय. म्हणजे टॅक्सीपुरते पाहिले तर तपासणी आणि नोंदणी या दोन गोष्टी कायद्यानेच एकमेकींत गुंतविल्या आहेत. चालकांच्या बोलीने दोहोंना एकच नाव दिले यात अज्ञान नसून कायद्याचे अचूक वाचन आहे, असे म्हणावयास हरकत नाही. (‘योग्यता’ हा शासकीय पर्यायही लक्षणीय आहे. प्राचीन वाक्यविचारात दोन अर्थ परस्परांशी जुळण्याची पात्रता म्हणजे योग्यता. ‘आगीने शिंपतो’ या वाक्यात ती नाही. ब्रेक नसलेल्या मोटारीत ती कितपत आहे, हा विचार शब्द घडविणाऱ्यांच्या मनात बहुधा आला नसावा.)

खासगी मोटारीची गोष्ट निराळी. १९८८ च्या कायद्याप्रमाणे तिची नोंदणी एकदम पंधरा वर्षांची, आणि त्यानंतर दर खेपेस पाच वर्षांची. पंधरा वर्षे कोणीही तिची चाके हलवून पाहत नाही. नवी मोटार नोंदणीच्या वेळी अधिकाऱ्यापुढे हजर करावी लागे. ‘पासिंग’चा नोंदणीवाचक अर्थ रूढ होण्यास या विधीचा हातभार लागला असावा. २०१९ च्या दुरुस्तीने अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेल्या नव्या मोटारीस तोही माफ केला. विधी गेला, शब्द मात्र उरला.

या भेदाचे परिणाम एकाच वाहनावर पाहावयाचे झाल्यास टाटा इंडिकेसारखे उदाहरण नाही. ऑस्ट्रेलियातील निस्सान कंपनीच्या बंद पडलेल्या कारखान्याची यंत्रसामग्री सोडवून पुण्यास आणली गेली आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यातून डिसेंबर १९९८ मध्ये ही छोटी हॅचबॅक बाजारात आली. १४०५ घनसेंटिमीटरच्या डिझेल यंत्रामुळे ती कुटुंबाइतकीच टॅक्सीवाल्याचीही झाली. एकाच साच्यातून निघालेल्या दोन मोटारींपैकी पिवळ्या पाटीच्या मोटारीस पहिली दोन वर्षे सरल्यावर दरसाल तपासणी होती. (२०१८ पासून वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत ही मुदत दोन वर्षांची झाली आहे.) पांढऱ्या पाटीची मोटार १९९९ मध्ये नोंदविली असेल, तर निरीक्षकापुढे जाण्याचा तिचा पहिला प्रसंग २०१४ साली आला. वस्तुतः टॅक्सी अधिक धावते, म्हणून तिची काळजी अधिक, हा युक्तिवाद खोटा नाही. तथापि ब्रेकचे अस्तर आणि पत्र्याचा गंज हे पाटीचा रंग पाहून झिजत नाहीत.

हीच मोटार २००३ च्या अखेरीस ‘सिटीरोव्हर’ या नावाने ब्रिटनमध्ये विकली जाऊ लागली. एम. जी. रोव्हर कंपनी एप्रिल २००५ मध्ये बुडाली आणि तो व्यापार तेथेच संपला. पण विकलेल्या मोटारी रस्त्यावर राहिल्या. त्या ज्या व्यवस्थेत जाऊन पडल्या ती पुण्याहून सर्वस्वी भिन्न होती. १९५६ च्या कायद्यान्वये ब्रिटनमध्ये १२ सप्टेंबर १९६० पासून दहा वर्षांहून जुन्या मोटारींची तपासणी सुरू झाली. १९६७ पर्यंत ती मर्यादा तीन वर्षांवर आली. तिसऱ्या वर्षानंतर दरसाल प्रत्येक खासगी मोटारीस ब्रेक, दिवे, टायर, सुकाणू आणि गंज यांचा हिशेब द्यावा लागतो. या शतकाच्या पहिल्या दशकात हे निकाल संगणकावर नोंदविले जाऊ लागले व पुढे मोटारीचे नाव आणि प्रकार यांसह अभ्यासकांना खुले झाले. परिणाम विलक्षण आहे. पुण्यात घडलेली एक हॅचबॅक वार्षिक तपासणीत कितपत खात्रीने उत्तीर्ण होते, हे ज्याला शोधावयाचे आहे त्याने ब्रिटनचे दप्तर उघडावे. पुण्याच्या खासगी मोटारींविषयी तसले दप्तरच निर्माण झाले नाही.

पंधराव्या वर्षीच्या तपासणीवरून ही उणीव भरून काढता येईल काय? येणार नाही. त्या दिवशी निरीक्षकापुढे उभ्या राहतात त्या केवळ तगलेल्या मोटारी. मधल्या काळात भंगारात गेलेल्या, अपघातात संपलेल्या अथवा अन्यत्र विकल्या गेलेल्या मोटारी त्या गणनेत नसतात. शिवाय तपासणीच्या आदल्या आठवड्यात गॅरेजमध्ये झालेली दुरुस्ती कोणत्याच कागदावर येत नाही. ही दुसरी अडचण ब्रिटनच्या नोंदींनाही लागू आहे. पण तेथे पहिल्या खेपेस झालेले अपयश नोंदविले जाते, आणि इतिहासाच्या दृष्टीने तेच मोलाचे.

टॅक्सींची दफ्तरे तरी विश्वसनीय मानावीत काय, हा प्रश्न उरतोच. प्रत्यक्ष चाचणी न घेताच प्रमाणपत्रे दिली जातात, अशी तक्रार घेऊन पुण्यातील एका नागरिकाने २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. ब्रेकच्या चाचणीसाठी २५० मीटर लांबीचा धावमार्ग हवा, हा त्या प्रकरणातील कळीचा मुद्दा ठरला. ज्या कार्यालयांपाशी तो नव्हता, तेथील तपासणी २०१७ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने थांबली. पुण्यातील वाहने घाट चढून दिवे येथील मैदानावर जाऊ लागली ती यातूनच. ही तक्रार ध्यानात घेता, त्यापूर्वीच्या प्रमाणपत्रावरील ‘योग्य’ हा शेरा म्हणजे ब्रेक लागले याचा पुरावा नव्हे. फी भरली गेली आणि शिक्का उमटला, एवढेच त्यावरून निश्चयाने म्हणता येते.

हे सर्व पुण्यात घडावे याला एक वेगळेच महत्त्व आहे. वेताळ टेकडीवर १९६६ पासून ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन आहे, भोसरीस १९६७ पासून केंद्रीय मार्ग परिवहन संस्था आहे. नवा नमुना बाजारात येण्यापूर्वी त्याची कसून परीक्षा घेणाऱ्या देशातील मोजक्या संस्थांपैकी या दोन. मात्र ती परीक्षा नमुन्याची असते. त्या नमुन्याबरहुकूम बनलेली एखादी मोटार अकराव्या वर्षी नळस्टॉपच्या चौकात उभी असते, तेव्हा तिच्याविषयी या शहरात कोणताच कागद बोलत नाही.

एक कागद असतो. प्रदूषण नियंत्रणाचे प्रमाणपत्र मोटारीस एक वर्ष झाल्यापासून बाळगावे लागते आणि ठरावीक मुदतीने नवे करावे लागते. पेट्रोल पंपाशेजारच्या गाडीत धुराड्यात नळी घालून काही मिनिटांत ते मिळते. त्यात धुराचा आकडा असतो. ब्रेकचा उल्लेख नसतो. त्याला कोणी पासिंग म्हणत नाही. म्हणतात ‘पीयूसी काढली’, जशी पावती काढतात.