मिठाच्या तहाने उघडलेली दूधसागरची वाट

दूधसागरच्या डोहात उतरून मान वर केली की धबधब्याच्या छातीवरून आडवा गेलेला रेल्वेपूल दिसतो. तीनशे मीटरहून अधिक उंचीवरून कोसळणारे पाणी त्या कमानींखालून फेसाळत येते आणि वरून मालगाडी संथपणे सरकत असते. या देखाव्याचे मूळ आहे २६ डिसेंबर १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहात.

तहाने गोव्याच्या मिठावर इंग्रजांचा ताबा आला. पोर्तुगीज सरकारला त्याबद्दल वर्षाला चार लाख रुपये ठरले आणि मुरगाव बंदर ब्रिटिश मुलखाला जोडणाऱ्या रेल्वेचा मार्गही मोकळा झाला. यात भरडले गेले ते मिठागरांवर राबणारे गोवेकर. १८९२ मध्ये तह संपला, पण त्याआधीच मीटरगेज लोहमार्ग सह्याद्री चढून कॅसलरॉकला पोचला होता.

कुळे ते कॅसलरॉक हा सुमारे २६ किलोमीटरचा ब्रागांझा घाट. चढ इतका खडा, की ३७ मीटर पुढे गेले की रूळ एक मीटर वर चढतात. म्हणून गाड्यांना जादा बँकर इंजिने जोडतात. पोर्तुगीज काळात याच घाटात गोव्याची सीमा ओलांडताना प्रवाशांचे सामान जकातीसाठी तपासले जाई. १९५५ च्या गोवामुक्ती सत्याग्रहावर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्यानंतर ही सीमापार वाहतूकच थांबली. गाड्या पुन्हा सुरू झाल्या त्या गोवा मुक्त झाल्यावर.

१९७८ मध्ये भगवान महावीर अभयारण्यातील १०७ चौरस किलोमीटर जंगल मोले राष्ट्रीय उद्यान झाले. ‘चेन्नई एक्सप्रेस’ चित्रपटात २०१३ साली हा पूल झळकला आणि रुळांवरून चालत येणाऱ्या हौशी तरुणांची रीघ वाढली. बोगदे, अरुंद कठडे, शेवाळ आणि मागून येणारी गाडी यांचा मेळ जीवघेणा आहे. ती पायपीट आता बेकायदा आहे, आणि ते योग्यच आहे. याच मार्गाच्या दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली, तेव्हा मोलेसाठी झगडणाऱ्या गोवेकरांना मोठा दिलासा मिळाला.

रीतसर वाट कुळ्यातून जीपने जाते. चाके ओढ्यांच्या पाण्यात बुडवत गाडी जंगलात शिरते आणि शेवटचा टप्पा दगडधोंड्यांतून पायी काढावा लागतो. पावसाळ्यात जीप बंद असतात. पोहायचे असेल तर पाऊस सरल्यावर या, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय डोहात उतरू नका, आणि प्लास्टिकचा एक कपटाही तिथे सोडू नका.