गिरगावची खोली आणि गोठलेले भाडे

१/ गिरगावात आज भाड्याने घर शोधणाऱ्या तरुणाच्या हाती ११ महिन्यांचा करार पडतो. त्याच इमारतीत शेजारच्या दारामागे एखाद्या कुटुंबाची तिसरी पिढी नाममात्र भाडे भरत असते. भिंत एकच असताना भाड्यात एवढे अंतर का? त्याचे उत्तर शंभर वर्षांच्या कायद्यांत दडले आहे. त्यासाठी हा धागा.

२/ आधी जागेचे मोल समजून घेऊ. फोर्टातील कचेऱ्या, क्रॉफर्ड मार्केट, भुलेश्वर, चर्नी रोड स्थानक, चौपाटीवरचे विल्सन कॉलेज, सारे पायी गाठता येईल अशा अंतरावर. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ साली आली, विजेची १९०७ साली. पण गिरगावकर कारकुनाला ट्रामचे पैसेही वाचवता येत. खोली लहान असली तरी अख्खे शहर दाराशी होते.

३/ ही खोली बहुधा चाळीतली. समोर सामायिक गॅलरी, मजल्यावर सामायिक नळ आणि शौचकूप. खासगी जागा कमी, म्हणून सार्वजनिक जीवन समृद्ध. केशवजी नाईक चाळीतला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ सालचा, तो याच रचनेतून उभा राहिला.

४/ १८९६ साली मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. दाट वस्तीकडे सरकारचे लक्ष गेले आणि १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट असे रुंद रस्ते काढताना जुनी घरे पडली. दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहतीही याच ट्रस्टच्या. मात्र ज्यांना कामाच्या जवळच राहणे भाग होते, त्यांना दूरची मोकळी हवा परवडणारी नव्हती.

५/ पहिल्या महायुद्धात घरटंचाई वाढली आणि १९१८ साली मुंबईत भाडेनियंत्रणाचा कायदा आला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला. तो होता मुदतीचा, पण मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली.

६/ या कायद्याचा गाभा म्हणजे ‘प्रमाण भाडे’. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते, ढोबळमानाने तेच पुढेही. भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला हक्क मिळे. बेताच्या पगारावरचे हजारो संसार यामुळे शहराच्या मध्यभागी टिकले, हे विसरून चालणार नाही.

७/ पण बाजारभाव कायद्याने नाहीसा होत नाही, तो फक्त दुसऱ्या दाराने आत येतो. ते दार म्हणजे पागडी. खोलीचा ताबा घेताना एकरकमी मोठी रक्कम आणि मग महिन्याला किरकोळ भाडे. अशी रक्कम घेणे गुन्हा होता, तरी व्यवहार सर्रास चाले. जुना भाडेकरू सुरक्षित राहिला आणि नवा माणूस पागडीच्या उंबरठ्यावर अडला.

८/ घरमालकाचे उत्पन्न गोठले तशी दुरुस्तीही थांबली. इमारती कोसळू लागल्या. १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला, इमारतींवर उपकर बसला. पुढे हे काम म्हाडाकडे आले. आजच्या ‘उपकरप्राप्त इमारती’ त्या याच.

९/ दरम्यान मालक भाडेकरूऐवजी परवानाधारक, म्हणजे ‘लीव्ह अँड लायसन्स’वाला, पसंत करू लागले, कारण त्याला कायमचा हक्क नसे. तेव्हा १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर राहणाऱ्यांनाच कायद्याने भाडेकरू मानले. परिणामी कित्येक मालकांनी रिकामी घरे कुलूपबंद ठेवणे पत्करले.

१०/ १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने गोठलेल्या प्रमाण भाड्याच्या तरतुदी आता वाजवी राहिल्या नसल्याचे म्हटले. त्यानंतरच्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ मान्य केली, पागडी कायदेशीर केली आणि परवाना-करारांची नोंदणी सक्तीची केली. त्यामुळे ‘११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे.

११/ या इतिहासात एकच खलनायक शोधू नये. ज्या कायद्याने एका पिढीला पायी कामावर जाण्याचा हक्क दिला, त्यानेच पुढच्या पिढीसाठी तिथली दारे लावली. आज पुनर्विकासाच्या बैठकीत खरा प्रश्न चौरस फुटांपलीकडचा आहे: शहराच्या मध्यभागी कोणी राहायचे?

१२/ घरी जुनी भाडेपावती असेल तर रद्दीत टाकू नका. त्यावरचा आकडा, नाव आणि तारीख हा अस्सल दस्तऐवज आहे. तुमच्याकडची सर्वांत जुनी पावती कोणत्या वर्षाची, ते खाली अवश्य लिहा.