घंटा गेल्या, गावे राहिली : संकटकाळातील श्रद्धा आणि उत्तनचा परिसर

भाईंदर पश्चिमेला उत्तनची बस धरली की मिठागरे मागे पडतात, रस्ता डोंगरीकडे वळतो आणि वाटेत जागोजागी खुरीस दिसू लागतात. खुरीस म्हणजे क्रूस. हा इथल्या ईस्ट इंडियन लोकांचा शब्द. इतिहासात या भागाचे नाव धारावी बेट. (मुंबईची धारावी वेगळी. जुने कागद वाचताना आपली हमखास फसगत होते.) आज आपला प्रश्न साधा आहे. संकटात देवावर भरवसा ठेवला, असे ख्रिस्ती माणूस म्हणतो, तेव्हा तो नेमके काय करत असतो?

१७३९ साल घ्या. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत हे बेट मराठ्यांकडे आले आणि मे महिन्यात वसई पडली. शरणागतीच्या अटींत ख्रिस्ती रहिवाशांना धर्म पाळू देण्याची अट होती, हे खरे. पण पोर्तुगीज अधिकारी गेले, जमीनदार गेले, पाद्रीही गेले. वसईकडच्या चर्चांच्या घंटा विजयाची खूण म्हणून देवळांत पोचल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा आपल्यापैकी कित्येकांनी पाहिली असेल. तिच्यावर १७२१ हे साल आहे. मागे राहिले ते कोळी, शेतकरी, मिठागरांतले मजूर. ज्यांची जाळी आणि खाचरे इथेच, ते जाणार कुठे?

इथे थोडे थांबू या. ज्या राजवटीच्या जाण्याला आपण या लोकांचे संकट म्हणतो, त्याच राजवटीत देवळे पाडली गेली होती आणि इन्क्विझिशनची दहशत होती. शेजारच्या हिंदू गावाला १७३९ हा सुटकेचा श्वास वाटला असणार. एकाच्या श्रद्धेचा इतिहास सांगताना दुसऱ्याचा लपवायचा, हे आम्हाला मान्य नाही.

तर मागे राहिलेल्यांचे काय झाले? धर्म सत्तेमुळेच टिकला असता, तर तो पुढच्या पिढीत विरायला हवा होता. १७६० मध्ये आंकेतिल द्यू पेरों हा फ्रेंच अभ्यासक साष्टीत आला. पुढे अवेस्ताचे भाषांतर करणारा तोच. त्याने ठाण्यात ख्रिस्ती लोकांची मोठी मिरवणूक पाहिली. एकवीस वर्षांनंतर, मराठ्यांच्या राज्यात, भर रस्त्यात! धर्मकार्य चालवत होते ते एतद्देशीय पाद्री.

लोकांपाशी आणखी एक गोष्ट होती : आपल्या भाषेतले पुराण. फ्रान्सिस्कु वाझ द गिमाराइंश यांचे हे पुराण १६५९ मध्ये लिस्बनला छापले गेले. लिपी रोमन, पण भाषा उत्तर कोकणातली मराठी, आणि विषय येशूचे दुःखसहन. उपवासकाळात ते इकडच्या गावांत गायले जाई. आम्हाला यात फार मोठी गोष्ट दिसते. येशूने क्रूसावर उच्चारलेले बाविसाव्या स्तोत्राचे पहिले वाक्य सांत्वनाचे नाही, ती देवाकडे केलेली तक्रार आहे. तक्रार करायची, पण त्याच्याचपाशी करायची. संकट टळेल याची हमी त्या भरवशात नव्हती. गाऱ्हाणे ऐकणारा कुणीतरी आहे, एवढेच होते. आणि ते एकट्याने नव्हे, चारचौघांत मांडायचे होते.

दीडशे वर्षांनी पुन्हा तेच दिसते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघड झाला. १८९७ च्या साथरोग कायद्याने घरझडत्या आल्या, माणसे उचलून छावण्यांत नेली जाऊ लागली. मुंबई-साष्टीच्या ख्रिस्ती वस्त्यांत त्या वर्षांत नवे क्रूस उभे राहिले. वांद्र्यात असे प्लेगचे क्रूस आजही दाखवतात. संध्याकाळी माणसे तिथे जमत, मेणबत्ती लावत, रोझरी म्हणत. क्रूस उभारला म्हणून प्लेग थांबला का? नाही. तो पुढे कितीतरी वर्षे परत परत आला. रोझरी म्हणणाऱ्यांच्या घरांतही माणसे दगावली. मग दुसऱ्या दिवशी मेणबत्ती का लावली? नवस फळला म्हणून, हे उत्तर इथे चालत नाही. आमच्या मते ती लावताना शेजारच्या घरातले कोण आले, कोण आले नाही, हे कळत असे. जो आला नाही त्याच्या दारात कुणीतरी जात असे.

उत्तनला गेलात तर समुद्रमातेचे चर्च जरूर पाहा. पण बंदराकडे उतरताना एखाद्या खुरिसापाशीही घडीभर थांबा. पावसाळी मासेमारीबंदी उठून होड्या पुन्हा समुद्रात जायच्या दिवसांत गेलात, तर उत्तमच.