गुडघा बरा झाला, हे सांगायचं कुणी?

आजचा भाग मी पुण्यातून नाही, घरून रेकॉर्ड केलाय, पन्हाळ्यावरून. ऑडिओत मागे जो आवाज येतोय तो पत्र्यावरच्या पावसाचा आहे, एडिटमध्ये काढता आला नाही. पन्हाळा म्हटलं की तुम्हाला सिद्दी जौहरचा वेढा अपेक्षित असणार. त्यावर बोलूच कधीतरी. आजचा इतिहास एका साध्या प्रश्नाचा आहे: उपचार लागू पडला की नाही, हे ठरवायचं कुणी?

माझी आज्जी गडावर येणाऱ्या पर्यटकांना झुणका-भाकर करून देते. सगळं आयुष्य चुलीपुढं पाटावर बसण्यात गेलं. दोन वर्षांपूर्वी तिचा उजवा गुडघा बदलला. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी एक्स-रे बघितला आणि म्हणाले, "फर्स्ट क्लास!" होताच तो तसा. बाहेर आल्यावर आज्जी मला म्हणाली, "फोटू झ्याक आलाय रं. पर मला चुलीपुढं बसाय येत न्हाई, त्येचं काय?"

कृत्रिम गुडघा बसवल्यावर मांडी घालणं, उकिडवं बसणं टाळा, असं बहुतेक सर्जन सांगतात. आम्हालाही सांगितलं होतं. पण ऑपरेशनच्या आधी "आज्जी, गुडघा बरा झाल्यावर तुम्हाला काय करायचंय?" असं तिला कुणी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही नाही.

आता थोडं मागं जाऊ. १८६० च्या सुमारास फ्लोरेन्स नाइटिंगेल सगळ्या दवाखान्यांनी एकाच नमुन्याचे तक्ते ठेवावेत म्हणून मागं लागली होती. किती आले, किती बरे झाले, किती आराम न पडताच गेले, किती वारले. पुढं बॉस्टनमध्ये अर्नेस्ट कॉडमन नावाचा सर्जन निघाला. त्याचं म्हणणं एवढंच, की ऑपरेशन झालेल्या प्रत्येक रुग्णाला वर्षभरानं परत बघा आणि निकाल लिहून ठेवा. त्यानं स्वतःचं छोटं हॉस्पिटल काढलं, १९११ ते १९१६ मधल्या ३३७ रुग्णांची नोंद छापली आणि त्यात आपल्या १२३ चुकाही छापल्या! मला हा माणूस फार आवडतो. आमच्यात लोक स्वतःचा बग रिपोर्ट करतानाही दहादा विचार करतात. १९१५ मध्ये त्यानं भर सभेत डॉक्टर मंडळींची टर उडवणारं व्यंगचित्र उघडलं आणि गावात एकटा पडला.

पण कॉडमनच्या कार्डावरही निकाल लिहिणारा डॉक्टरच. १९४० च्या दशकाच्या शेवटी कॅन्सरच्या रुग्णांसाठी कार्नोफ्स्की स्केल आलं, १०० म्हणजे ठणठणीत, शून्य म्हणजे मृत्यू. तो आकडाही डॉक्टरच द्यायचा.

रुग्णाच्या शब्दाला वजन आलं ते बरंच नंतर. १९७५ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेल्झॅकनं वेदनेची प्रश्नावली छापली. दुखणं वर्णन करायला लोक जे शब्द वापरतात त्यातले ७८ शब्द, २० गटांत. रुग्णानं आपला शब्द निवडायचा. हे वाचलं तेव्हा मी वहीत मराठी शब्द लिहायला बसलो: ठणका, कळ, चमक, सल, ठसठस, भगभग, मुरडा, टोचणी. पान भरलं, मग जेवायला हाक आली.

गुडघ्यासाठीची एक गाजलेली प्रश्नावली ऑक्सफर्डची, १९९८ ची. ती रुग्णांशी बोलून तयार केली होती. १२ प्रश्न, मागच्या चार आठवड्यांबद्दल. आताच्या पद्धतीत प्रत्येकाला ० ते ४ गुण, म्हणजे ४८ पैकी. मग एप्रिल २००९ पासून इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनं खुबा, गुडघा, हर्निया आणि व्हेरिकोज व्हेन्स या चार ऑपरेशनांसाठी अशा प्रश्नावल्या देशभर लागू केल्या. एकदा ऑपरेशनच्या आधी भरायची, एकदा काही महिन्यांनी. दोन्हींतला फरक म्हणजे निकाल.

आता यात माझा संबंध काय? आमच्या टीमकडे मोबाईलवर अशा प्रश्नावल्या भरून घेण्याचं काम आलं. मराठी स्क्रीन माझ्याकडे. सुट्टीत घरी आलो आणि फोन आज्जीच्या हातात दिला. तिसऱ्या मिनिटाला अडलो. प्रश्न होता तो साधारण असा, की टेबलावर जेवून झाल्यावर खुर्चीतून उठताना किती दुखतं. आज्जी म्हणाली, "मी कधी जेवलीया टेबलावर?" 'वेदना' शब्दावरही तिचा आक्षेप. "येदना अभंगात असत्यात. माझा गुडघा ठणकायचा."

माझ्यातला इंजिनिअर लगेच म्हणाला, बदलून टाकू. दोन ओळींचं काम. पण तसं करायचं नसतं, आणि त्यामागं कारण आहे. आधी वेगवेगळ्या माणसांनी स्वतंत्र भाषांतर करायचं, ते जुळवायचं, तिसऱ्यानं ते उलट मूळ भाषेत नेऊन बघायचं, मग रुग्णांना वाचायला देऊन त्यांना काय समजलं ते विचारायचं. मी पन्हाळ्यावर पाट घातला, दुसऱ्यानं लातुरात बाज टाकली, तर आकड्यांची तुलनाच संपली. कॉडमनला हवी होती ती हीच तुलना. म्हणून मी शब्दाला हात लावला नाही. पटलं, पण रात्री झोप लागेना.

कारण जमिनीवर बसणं ही आपल्याकडं बारीक गोष्ट नाही. १९६० च्या दशकाच्या शेवटी डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपूर फूट केला, तो लोकांना उकिडवं बसता यावं, अनवाणी चालता यावं म्हणूनच. परदेशी पाय बुटाशिवाय चालत नव्हते.

शिवाय नुसतं विचारलं की माणूस सांगतोच असंही नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. १९८९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले, तक्रार मात्र ५५ टक्क्यांनीच सांगितली. आधी तपासणी-उपचार झालेल्या फक्त ८ टक्के. अंगावर काढायची सवय लागली की दुखणं हे दुखणं वाटतच नाही. मग त्या फॉर्मवर 'त्रास नाही' अशीच टिक पडणार.

आज्जीचे गुण ४८ पैकी ३९ आले. मला वाटलं होतं कमी येतील. पण रात्रीच्या दुखण्याच्या प्रश्नाला तिनं पूर्ण गुण दिले. आधी रात्र-रात्र जागी असायची ती, हे मी चुलीच्या नादात विसरलोच होतो. "परत करशील का ऑपरेशन?" विचारलं, तर म्हणाली, "करीन की. पर आधी सांगा म्हनावं, म्हंजे चूल आधीच वट्यावर घेतली आस्ती."

चूल आता ओट्यावर आहे, ती उभ्यानं भाकरी थापते. मूळ १२ प्रश्न मी जसेच्या तसे ठेवले आणि ते संपल्यावर, गुणांत न धरला जाणारा एक वेगळा प्रश्न जोडला: तुम्हाला काय करता यायला हवं होतं? उत्तर बोलून द्यायची सोय केलीय. टेस्टिंगमध्ये पहिलं रेकॉर्डिंग आज्जीचं आहे, सात सेकंदांचं. त्यात चुलीचं नावही नाही. तिला चैत्रात जोतिबाच्या पायऱ्या चढायच्या आहेत.