पायरेट्स संघाचे विजयपट व त्यांचे साधनमूल्य

अमेरिकेतील बेसबॉलच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास पूर्वी वृत्तपत्रांच्या जुन्या संचिका आणि छापील धावफलक यांवरच भिस्त ठेवावी लागे. १९७५ नंतर घरगुती व्हिडिओ यंत्रे बाजारात आली, १९९७ मध्ये त्या देशात डीव्हीडीचा प्रवेश झाला, आणि एकेका संघाच्या जुन्या विजेतेपदांचे चित्रपट संच करून विकले जाऊ लागले. पिट्सबर्ग शहराच्या पायरेट्स संघाचा असा एक संच चालू शतकाच्या पहिल्या दशकात निघाला. त्यात १९६०, १९७१ आणि १९७९ या तीन वर्षांचे ‘वर्ल्ड सीरिज’चे अधिकृत चित्रपट आहेत. (नॅशनल व अमेरिकन या दोन लीगांचे विजेते हंगामाच्या अखेरीस ज्या मालिकेत भिडतात, आणि जीत चार सामने प्रथम जिंकणारा संघ अजिंक्य ठरतो, तीस वर्ल्ड सीरिज म्हणतात.) या संचाकडे इतिहासाचे साधन म्हणून कोणत्या दृष्टीने पाहावे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

पायरेट्सची विजेतेपदे पाच आहेत : १९०९, १९२५, १९६०, १९७१ व १९७९. संचात तीनच का, याचे उत्तर सरळ आहे. मालिकेचा अधिकृत चित्रपट काढण्याची प्रथा १९४३ साली सुरू झाली. ल्यू फोन्सेका या निवृत्त खेळाडूने ते काम हाती घेतले, आणि युद्धावर गेलेल्या सैनिकांना मायदेशाचा आवडता खेळ दाखविणे हा त्यामागील प्रारंभीचा हेतू होता. म्हणजे या चित्रपटांचा जन्म संशोधनासाठी झालेला नसून रंजनासाठी व प्रचारासाठी झालेला आहे. होनस वॅग्नर व टाय कॉब हे दोन महारथी ज्या १९०९ च्या मालिकेत समोरासमोर उभे ठाकले, ती मालिका या पद्धतीच्या कक्षेबाहेर राहिली. घरात डीव्हीडी लावून बसणाऱ्या प्रेक्षकाच्या मनात मात्र संघाचा वैभवकाळ १९६० पासूनच सुरू होतो.

आपल्याकडे बखर व अस्सल पत्र यांतील भेद राजवाड्यांच्या काळापासून अभ्यासकांच्या अंगवळणी पडलेला आहे. अधिकृत विजयपट ही बखरच होय. निकाल ठाऊक झाल्यावर ती रचली जाते. पाच-सात सामने अर्ध्या-पाऊण तासात बसविले जातात. निवेदकाचा आवाज प्रत्येक घटनेस अंतिम विजयाच्या दिशेने वळण देतो. बखरीस मोल नसते असे नव्हे. परंतु तिच्याशेजारी ठेवून पाहण्यास अस्सल कागद हवा, आणि दूरचित्रवाणीच्या बाबतीत तोच दुर्मिळ आहे. त्या काळी चुंबकीय फीत महाग असल्याने ती पुसून पुन्हा वापरीत. शिवाय होऊन गेलेला सामना पुन्हा कोणी पाहील, ही कल्पनाच प्रक्षेपण संस्थांना नव्हती.

१९६० च्या मालिकेबाबत मात्र असा कागद दैवयोगाने हाती लागला आहे. प्रसिद्ध गायक बिंग क्रॉस्बी हा पायरेट्सचा एक भागीदार होता. आपण पाहावयास बसलो तर संघास अपशकुन होईल अशा भीतीने तो पॅरिसला निघून गेला. जाण्यापूर्वी मात्र सातव्या सामन्याचे प्रक्षेपण ‘किनेस्कोप’ पद्धतीने, म्हणजे दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर चित्रपटाचा कॅमेरा लावून, टिपून ठेवण्याची व्यवस्था त्याने केली. (ध्वनिमुद्रणाच्या चुंबकीय फितीच्या धंद्यात आरंभीच पैसा घालणाऱ्या या गृहस्थास मुद्रणाचे मोल इतरांपेक्षा अधिक कळले, यात नवल नाही.) क्रॉस्बी १९७७ मध्ये वारला. कॅलिफोर्नियातील त्याच्या घराच्या तळघरात, जेथे मद्य साठविले जाई तेथे, त्या पाच रिळी २००९ च्या डिसेंबरात सापडल्या. पुढील वर्षी हा कृष्णधवल सामना प्रक्षेपित झाला व डीव्हीडीवरही आला.

विजयपटाशी हे मुद्रण ताडून पाहिले म्हणजे बखरीचा कल उघड होतो. विजयपटाचा सारा ओघ बिल माझेरोस्कीच्या नवव्या डावातील अखेरच्या होम रनकडे धावतो, आणि लोकस्मृतीतही तोच एक फटका उरला आहे. संपूर्ण सामना पाहणाऱ्यास मात्र आठवा डाव हा खरा उलथापालथीचा वाटतो. एक साधा सरपटता चेंडू वेडावाकडा उसळून न्यूयॉर्क यांकीजच्या टोनी कुबेकच्या गळ्यावर आदळतो, आणि जो डाव मोडावयाचा तो चालू राहतो. पुढे हॅल स्मिथच्या तीन धावांच्या होम रनने पायरेट्स ९-७ असे पुढे जातात. नवव्यात यांकीजने बरोबरी साधली नसती, तर पिट्सबर्गमध्ये आज स्मिथचे नाव घेतले जाते ना! सामना १०-९ असा सुटला. सबंध मालिकेतील धावांची बेरीज पाहावी तर यांकीजच्या ५५ आणि पायरेट्सच्या २७. अर्थात किनेस्कोप हाही निखळ आरसा नव्हे. कॅमेरे थोडे होते, आणि कोणत्या क्षणी कोणता दाखवावा हे निर्मात्याच्याच हाती होते. परंतु निकाल ठाऊक नसताना केलेली ती निवड आहे, आणि हा फरक मोठा आहे.

१९७१ च्या चित्रपटाचा नायक रोबेर्तो क्लेमेंते. त्या मालिकेत त्याची फटक्यांची सरासरी.४१४ होती. ऑक्टोबरमधील ती मालिका हेच त्या चित्रपटाचे क्षेत्र. पण त्याच वर्षी १ सप्टेंबरला फिलाडेल्फियाविरुद्ध पायरेट्सने मैदानात उतरविलेले नऊही खेळाडू कृष्णवर्णीय वा लॅटिन अमेरिकी वंशाचे होते. प्रमुख लीगांत असे पूर्वी घडले नव्हते. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने ही तारीख मालिकेतील कोणत्याही सामन्याहून कमी मोलाची नाही. तो साधा साखळी सामना असल्याने विजयपटाच्या चौकटीत त्यास हक्काची जागा नव्हती.

याहून मोठी पोकळी तर संचाच्या नावातच दडलेली आहे. १९४३ मध्ये अधिकृत चित्रपटांची प्रथा सुरू झाली, त्याच वर्षी पिट्सबर्ग परिसरातील होमस्टेड ग्रेज हा कृष्णवर्णीय खेळाडूंचा संघ निग्रो वर्ल्ड सीरिजचा विजेता ठरला. १९४४ व १९४८ मध्येही तोच. जॉश गिब्सन याच संघाचा. पायरेट्सच्या फोर्ब्स फील्डवर ग्रेज खेळत, पण फोन्सेकाचा कॅमेरा दुसऱ्या मालिकेसाठी होता. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ या काळातील सात निग्रो लीगांना प्रमुख लीगांचा दर्जा दिला. त्यामुळे विक्रमांच्या नोंदी बदलता आल्या. न काढलेला चित्रपट मागाहून काढता येत नाही. ग्रेजच्या अभ्यासकास आजही ‘पिट्सबर्ग कुरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राच्या संचिका चाळाव्या लागतात, आणि त्या पत्राचा छायाचित्रकार चार्ल्स ‘टीनी’ हॅरिस याचा, आता कार्नेगी कलासंग्रहालयात असलेला, हजारो निगेटिव्हांचा साठा धुंडाळावा लागतो.