रक्तकर्क आणि रक्तस्राव

१९५५ सालीं अमेरिकेंतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेंत एमिल फ्रायराइक हे तरुण डॉक्टर रुजू झाले. तेथील मुलांच्या दालनांत शिरतांच प्रथम दृष्टीस पडे तें रक्त. हिरड्यांतून, नाकांतून, आंतड्यांतून तें वाही. अंथरुणें भिजून जात. आणि कित्येकदां अखेर मेंदूंत रक्तस्राव होऊन मूल दगावे. तीव्र रक्तकर्काचा, म्हणजे ल्यूकेमियाचा, हा तेथील नित्याचा क्रम होता.

औषध मुळींच नव्हतें असें नाहीं. बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनीं १९४८ सालीं ॲमिनॉप्टेरिनचे परिणाम प्रसिद्ध केले होते. १६ मुलांपैकीं १० मुलांस कांहीं काळ उतार पडला. तें औषध ज्या लेडर्ली प्रयोगशाळेंत सिद्ध झालें, तेथील संशोधनाचे प्रमुख भीमावरमचे यल्लाप्रगड सुब्बाराव होते, हें आपल्याकडे फार थोड्यांस ठाऊक असतें. परंतु औषधाचा गुण येण्यास दिवस लागतात. रक्तस्राव तितका धीर धरीत नाहीं.

या रोगांत अस्थिमज्जा निकामी पेशींनीं व्यापली जाते, आणि रक्त थिजविण्यास मदत करणारे बिंबाणु, ज्यांस प्लेटलेट म्हणतात, ते तयार होईनासे होतात. बाहेरून ताजें रक्त दिल्यास बिंबाणु वाढून असा स्राव थांबतो, हें विल्यम ड्यूक यांनीं १९१० सालींच दाखविलें होतें. इतकी मोलाची गोष्ट पुढें जवळजवळ अडगळींत पडली, याचा खेद वाटल्यावांचून राहत नाहीं. रोग्याच्या रक्तांतच तें थिजूं न देणारें कांहीं द्रव्य असावें, असा तर्क चालूं होता. शिवाय दिलें जाई तें सांठविलेलें रक्त. त्यांतील बिंबाणु केव्हांच निरुपयोगी झालेले असत.

फ्रायराइक यांनीं स्वतःचें रक्त काढून मुलांच्या रक्तांत मिसळून पाहिलें. दोष नाहींसा झाला! अर्थात् विषारी द्रव्य नव्हतें, उणीव होती. मग ताजे बिंबाणु देणें सुरू झालें, विरोधही झाला. १९६२ सालीं गेडोस, फ्रायराइक व मॅन्टेल यांनीं मोजमापच पुढें ठेवलें: बिंबाणु जितके कमी, तितका स्राव अधिक, एका घनमिलिमीटर रक्तांत ते २०,००० च्या वर असल्यास मोठा स्राव क्वचितच होई.

रक्तस्रावाचे मृत्यु घटले, तसा जंतुसंसर्ग हा मोठा वैरी ठरला. संरक्षक पांढऱ्या पेशी जितक्या कमी, तितका संसर्गाचा धोका अधिक, हें जेराल्ड बोडी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६६ सालीं दाखविलें. आज अशा पेशी अतिशय घटलेल्या मुलास ताप येतांच रक्ततपासणीच्या निकालाची वाट न पाहतां शिरेंतून प्रतिजैविकें सुरू करतात.